बाबा पूर्ण शुद्धीवर आहेत, तरी सगळं आम्हालाच विचारतात. हॉस्पिसमधल्या रुग्णाचे हक्क नक्की काय?

घड्याळजींची लेक

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ७६ वर्षांचे. स्वादुपिंडाचा कर्करोग, आता यकृतात पसरलेला. केमोच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांपुढे हात जोडले आणि पुरे म्हणाले. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना आराम देणाऱ्या जागी, येऊन आज नववा दिवस. जागा स्वच्छ आहे, माणसं मायेने वागतात, त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

दुखण्यावरचं मॉर्फिन दर चार तासांनी द्यायचं असं केस पेपरवर लिहिलंय. बाबांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली, हातातलं घड्याळ ते अजून काढू देत नाहीत. मनगट इतकं बारीक झालंय की हात वर केला की ते कोपरापर्यंत घसरतं. परवा दुपारी दोनचा डोस आला नाही. सव्वादोन झाले, अडीच झाले. ते काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळ माझ्याकडे वळवून धरलं. मी जाऊन विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या भावाने सांगितलंय, फारच दुखलं, ओरडायला लागले तरच द्या. गुंगी येते, सवय लागते म्हणून." माझे बाबा ओरडणाऱ्यातले नाहीत हो. दुखायला लागलं की भिंतीकडे तोंड करतात आणि चादरीचा काठ मुठीत धरतात. तीन वाजता मी त्यांची मूठ उघडली तर तळहातावर नखांचे चार वण होते.

दादा वाईट नाही. गेले सात महिने सगळी धावपळ त्याचीच आहे. पण त्याने डॉक्टरांनाही सांगून ठेवलंय की बाबांसमोर आजार पसरल्याचं किंवा किती दिवस राहिलेत याचं नाव काढायचं नाही. त्यामुळे राऊंडला डॉक्टर येतात, पलंगाच्या या बाजूला उभे राहतात, आणि पलीकडे उभ्या असलेल्या दादाला विचारतात, "काय, आज कसे आहेत?" बाबा मध्ये पडलेले. डोळे या तोंडाकडून त्या तोंडाकडे फिरत असतात.

रात्री मला म्हणाले, "मला काय झालंय ते मी जाणतो. वेळ किती आहे तेवढं कुणीतरी सांगा. माझी दोन-तीन कामं राहिलीत." मी गप्प बसले. अजून मनाला लागून राहिलंय ते.

आता प्रश्न. भाऊ सांगतो म्हणून लिहून दिलेला डोस थांबवता येतो का? आत्या म्हणते हॉस्पिसच्या कागदावर एकदा सही झाली की मागे फिरता येत नाही, सगळे हक्क सोडून द्यावे लागतात, हे खरं का? (सही दादाने केली आहे, बाबांनी नाही.) बाबा सलाईनची सुई लावू देत नाहीत, हात पांघरुणात घेतात, त्यावर दादा म्हणतो उपाशी मारायचं का त्यांना. आणि त्यांना एकदा घरी जायचंय, दोन दिवस का होईना. हे मागायचा आम्हाला हक्क आहे का?

उंबरठा

आधी एक विनंती, भावाला खलनायक करू नका. मी त्याच्या जागी होतो. आईच्या वेळी मीसुद्धा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिला कळता कामा नये. मला वाटायचं, कळलं की ती त्याच दिवशी संपेल.

आमच्या डॉक्टरीणबाई हुशार होत्या. माझ्याशी वाद घातला नाही. म्हणाल्या, "मी सांगणार नाही, फक्त त्यांना विचारीन की त्यांना किती कळायला हवंय." आईने काय उत्तर द्यावं? "मला आकडे सांगू नका. धाकट्याला सांगा, त्याला जमेल ते." बस, एवढंच. तिला सगळं ठाऊक होतं आणि त्याहून जास्त नको होतं. मी महिनाभर जे तिच्यासाठी परस्पर ठरवत होतो, ते तिने तीन वाक्यांत स्वतः ठरवलं. तुमच्या बाबांचं उत्तर वेगळं येईल असं दिसतंय, त्यांना वेळ जाणून घ्यायचीय. पण विचारल्याशिवाय दोघांपैकी कुणालाच कळलं नसतं.

रात्रपाळी

ताई, मी १९ वर्षं हॉस्पिसमध्ये नर्स आहे, निम्म्याहून जास्त काळ रात्रीच्या ड्युटीवर. तुमचं लिहिणं ड्युटी संपल्यावर वाचलं आणि झोपायच्या आधी उत्तर लिहायला बसले, कारण बाबांचा पुढचा डोस काही थांबणार नाही.

पहिलं डोसाचं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध रुग्णासाठी असतं. रुग्ण शुद्धीवर असेल, त्याला आपलं बरंवाईट कळत असेल, तर ते घ्यायचं की नाही हे तोच सांगू शकतो. मुलगा नाही, मुलगी नाही, नवराबायकोही नाही. ज्या सिस्टरने डोस अडवला तिचं चुकलंच. नातेवाइकांचा दबाव काय असतो ते मला माहीत आहे, पण अशा वेळी आपण डॉक्टरांना फोन करायचा असतो आणि रुग्णाला विचारायचं असतो, डोस कपाटात ठेवून द्यायचा नसतो. तुम्ही आजच वॉर्डच्या मुख्य सिस्टरना आणि डॉक्टरांना भेटा. आवाज चढवायची गरज नाही. एवढंच म्हणा: दोनचा डोस तीनपर्यंत दिला गेला नव्हता, रुग्ण शुद्धीवर होता आणि त्याला कुणी विचारलं नाही, हे केस पेपरवर नोंदवा. नोंद मागणं हा हक्क आहे, आणि त्यासाठी बाबांना कुणी वेगळं वागवता कामा नये हाही हक्कच आहे. पुष्कळ घरची माणसं तक्रार करायला बिचकतात, रात्री आपला माणूस त्यांच्याच हातात असतो म्हणून. आम्हाला कळतं ते. तरी सांगा. न सांगितलेली चूक पुढच्या पाळीला हँडओव्हरमध्ये जाते आणि मग तीच पद्धत पडते.

"ओरडले तरच द्या" हे तर हॉस्पिसच्या मुळावरच येतं. सिसिली सॉन्डर्स या बाई आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनांकडे कुणी बघत नाही म्हणून पुढे डॉक्टरकीच शिकल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, आज जगभर जे हॉस्पिस आहे त्याचा पाया तिथला. त्यांचा आग्रह हाच होता की दुखणं परत यायच्या आत पुढचा डोस गेला पाहिजे. रुग्णाने कळवळून मागायचं आणि आपण द्यायचं, असं झालं की दुखण्याच्या भरीला ते परत येण्याची धास्तीही त्याच्या वाट्याला येते. पुढे १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांवर जे मार्गदर्शन छापलं त्यातही हेच: औषध तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने. घड्याळाप्रमाणे, ताई. तुमच्या बाबांनी घड्याळ वळवून दाखवलं, त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

भिंतीकडे तोंड, मुठीत चादर, हे आम्ही ओरडण्याइतकंच मोठं समजतो. कपाळाला आठी, कूस बदलताना श्वास अडकणं, अंगाला हात लावला की आखडणं, सगळं लिहून ठेवा आणि वेळेसकट सिस्टरना द्या. शून्य ते दहापैकी किती दुखतंय हे बाबांनाच विचारा. अशी माणसं एरवी "ठीक आहे" म्हणतात, आकडा विचारला की मात्र खरं सांगतात.

आता सही. आत्यांना सांगा, हक्क दारात काढून ठेवायची ही जागा नाही. हॉस्पिसमध्ये येणं म्हणजे उपचारांचा हेतू बदलणं: आजार मागे हटवायचा नाही, माणसाला आराम द्यायचा. मत बदलायची मोकळीक राहतेच. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेत तर नियमच आहे की रुग्ण लेखी कळवून केव्हाही हॉस्पिसमधून बाहेर पडू शकतो आणि निकषांत बसत असेल तर पुन्हा येऊ शकतो. माझ्या वॉर्डात एक तरुण होता, तिशीही न ओलांडलेला. अकराव्या दिवशी म्हणाला, मला अजून एक औषध करून बघायचंय. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं की त्याचं शरीर ते सोसणार नाही. डॉक्टरांनी त्याला तसं स्पष्ट सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्याचे कागद तयार करून दिले. तीन आठवड्यांनी तो परत आला. त्याला खिडकीजवळचीच जागा हवी होती, ती दिली. "आम्ही म्हटलं नव्हतं का" असं कुणाच्याही तोंडून गेलं नाही. याबाबतीत मला आमच्या लोकांचा फार अभिमान वाटतो.

पण तुमच्या कागदावर बाबांची सही नाही हे मला खटकलं. शुद्धीवरच्या माणसाला विचारल्याशिवाय, समजावल्याशिवाय त्याच्या नावावर संमती होत नाही. डॉक्टरांना म्हणा की बाबांशी बसून पुन्हा बोला आणि संमती त्यांची घ्या. त्याच बैठकीत आणखी एक काम उरका. पुढे बाबांना बोलता येईनासं झालं तर त्यांच्या वतीने कुणी बोलायचं, हे त्यांनाच विचारून लिहून घ्या. याचे कागद, साक्षीदार वगैरे ठिकाणाप्रमाणे बदलतात, ते तुमच्या हॉस्पिसचे सोशल वर्कर करून देतील. ज्याचं नाव बाबा घेतील त्याने एक लक्षात ठेवायचं: "मला काय वाटतं" हे त्याला कुणी विचारलेलं नसतं, "बाबा असते तर काय म्हणाले असते" एवढंच विचारलेलं असतं. हे फार जड जातं. मी भलीभली माणसं त्या खुर्चीत डळमळताना पाहिली आहेत.

जागतिक वैद्यक संघटनेचा १९८१ चा लिस्बन जाहीरनामा आहे रुग्णांच्या हक्कांबद्दल, तो कुणाला तरी शोधून द्यायला सांगा. मला त्यातल्या दोन ओळी जवळजवळ पाठ आहेत, कारण आमच्या ड्युटी रूमच्या कपाटाला आतून चिकटवल्या आहेत. एक, आपल्या आजाराची पूर्ण माहिती मिळण्याचा हक्क, आणि रुग्णाने स्वतः सांगितलं तर ती न मिळण्याचाही हक्क. वर उंबरठा यांच्या आईंनी तोच वापरला, आपल्या वतीने कुणाला सांगायचं तेही त्यांनीच ठरवलं, आणि हेसुद्धा त्या जाहीरनाम्यात आहे. दुसरं, वेदनेतून सुटका मिळण्याचा आणि शेवट होईल तितका सन्मानाचा, सुखाचा व्हावा म्हणून शक्य ती सगळी मदत मिळण्याचा हक्क. दादांनी डॉक्टरांना "सांगू नका" म्हटलं ते मायेपोटी, पण न ऐकण्याचा हक्क बाबांचा आहे, तो दादांना परस्पर वापरता येत नाही.

राऊंडचं वाचून मला एक आजी आठवल्या. चार लेकी, चौघी पलंगाभोवती उभ्या, सलाईन लावायचं की नाही यावर दोन दिवस चर्चा चाललेली. आजी डोळे मिटून होत्या, सगळ्यांना वाटत होतं गुंगीत आहेत. रात्री दीडच्या सुमाराला मी तोंड पुसायला गेले, वाकले आणि कानाशी विचारलं, "आजी, तुम्हाला काय हवंय?" त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "पंखा बंद कर गं. डोळ्यांत वारा जातो." पंखा डोक्यावर होता. दोन दिवस चालू होता. त्यांचे डोळे कोरडे होऊन लाल झाले होते आणि आम्ही सगळे, मी धरून, सलाईनबद्दल बोलत होतो. मी पंखा बंद केला, डोळ्यांत थेंब घातले. मग सलाईनचं विचारलं. "नको," म्हणाल्या. सकाळी लेकींना सांगितलं तेव्हा थोरली म्हणाली, आईला बोलता येत होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

तेव्हापासून मी कुठल्याही पलंगाशी गेले की आधी वाकते, मग बोलते. उभ्याने बोललं की बोलणं आपोआप समोरच्या नातेवाइकाकडे जातं. डॉक्टरांना स्टूल द्या, ताई. खरंच सांगते. पलंगाजवळ स्टूल ठेवा आणि "बसा ना डॉक्टर" म्हणा. बसलेला माणूस रुग्णाशीच बोलतो.

बाकीचं थोडक्यात. नळी, सुई, तपासणी, अगदी अंघोळसुद्धा नको म्हणायचा बाबांना अधिकार आहे. पडदा ओढून मागायचा अधिकार आहे. भेटायला कुणी यावं, कुणी येऊ नये हे तेच ठरवणार, आणि दमले असतील तर आम्ही दारातून माणसं परत पाठवतो, बोल आम्ही खातो. प्रार्थना हवी असेल तर मिळाली पाहिजे, नको असेल तर कुणी उशाशी बसून करू नये. घरी दोन दिवस जाण्याचं नीट आखणी करून जमू शकतं: औषधं वेळेसकट लिहून, जास्तीचे डोस बरोबर, रात्री फोन करायला नंबर, आणि परत यायला जागा राखलेली. आजच मागा. पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

वेदनाशामक

मी डॉक्टर आहे, वेदनांवरच काम करतो. रात्रपाळी यांनी जवळजवळ सगळं सांगितलंय. भावाच्या मनातल्या भीतीबद्दल मी लिहितो, कारण ती भीती खरी आहे आणि तिला उत्तर मिळालं नाही तर तो उद्या पुन्हा डोस अडवेल.

सवय लागते म्हणजे काय? शरीर औषधाला सरावतं, ते एकदम बंद केलं तर त्रास होतो, म्हणून हळूहळू कमी करतात. व्यसन ही वेगळी गोष्ट आहे. कर्करोगाच्या वेदनेसाठी नेमून दिलेलं मॉर्फिन घेणारा माणूस वेळेवर डोस मागतो तो दुखतं म्हणून. गुंगी येते, पण ती सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर दोन-तीन दिवस. बऱ्याचदा ती गुंगी नसतेच, कित्येक रात्री न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर झोपतो. हळूहळू वाढवलेल्या योग्य डोसाने मरण ओढवून येत नाही, श्वास बंद पडत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं आणि ते सवयीने जात नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. दोन डोसांच्या मध्ये अचानक कळ आली तर वेगळा जास्तीचा डोस लिहून ठेवलेला असतो, साधारण दिवसभराच्या एकूण मॉर्फिनच्या सहाव्या हिश्श्याइतका. तो बाबांच्या कागदावर आहे का ते विचारा.

अमली पदार्थांवर जगभर बंधनं घालणारा १९६१ चा करार आहे ना, त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की वेदना आणि यातना दूर करायला ही औषधं अपरिहार्य आहेत आणि ती मिळण्याची सोय असली पाहिजे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने उपशामक सेवा, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणारी सेवा, ही आरोग्ययंत्रणेची नैतिक जबाबदारी आहे असा ठराव केला. तरी जागतिक आरोग्य संघटनेचाच अंदाज आहे की या सेवेची गरज असलेल्या दर १०० माणसांपैकी १४ जणांनाच ती मिळते. तुमचे बाबा त्या १४ मध्ये आहेत आणि औषध कपाटात आहे. म्हणून मला तो अडवलेला डोस जास्तच लागला.

सलाईनबद्दल भावाला हे सांगा. शेवटच्या टप्प्यात भूक-तहान शरीरच कमी करतं. खाणं थांबलं म्हणून माणूस जात नाही, जायला निघाला म्हणून खाणं थांबतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हॉस्पिसमधल्या १२९ कर्करुग्णांपैकी काहींना रोज एक लिटर सलाईन दिलं आणि काहींना फक्त १०० मिलिलिटर. त्रासाच्या लक्षणांत फरक पडला नाही, आयुष्यातही नाही. तोंड कोरडं पडतं त्याचा त्रास होतो, त्याला उपाय सुई नाही: ओला बोळा, ओठांना मऊ काहीतरी, दर तासाला घोटभर, तेही त्यांना हवं असेल तर. हे काम भावाला द्या. त्याला हाताने करण्यासारखं काहीतरी हवंय.

घड्याळजींची लेक

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. चार दिवसांनी लिहिते आहे.

मुख्य सिस्टरना भेटले, त्यांनी माझ्यादेखत नोंद केली आणि बाबांच्या पलंगाशी येऊन त्यांची माफी मागितली. बाबा संकोचून गेले. दोनचा डोस आता दोनला येतो, जास्तीचा डोसही लिहिलाय.

दादाला मी तुमचे प्रतिसाद वाचायला दिले. तो बाहेरच्या बाकावर बसून वाचत होता, बराच वेळ आला नाही. मग आत आला आणि स्टूल त्यानेच आणून ठेवलं. डॉक्टर बसले. त्यांनी बाबांना विचारलं, "तुम्हाला किती कळायला हवंय?" बाबा म्हणाले, "सगळं. गोल गोल नको." डॉक्टर म्हणाले, "महिने नाहीत. काही आठवडे असतील, त्याहून कमीही असू शकतात." बाबांनी मान हलवली. दादाकडे बघून म्हणाले, "तुला केव्हापासून माहीत होतं?" दादा म्हणाला, "पहिल्यापासून." बाबांनी हात पुढे केला, घड्याळ घसरून कोपराकडे गेलं, आणि दादा त्यांच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. मी इतक्या वर्षांत त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे त्यांच्या वतीने कुणी बोलायचं तर दोघांनी मिळून, असं बाबांनी लिहून दिलंय. असं चालतं का, दोघं?

आणि ती राहिलेली कामं. दुकान बंद केलं तेव्हा दुरुस्त झालेली तीन घड्याळं न्यायला कुणी आलंच नाही, ती घरी खणात आहेत. ज्याची त्याला द्यायचीत. घरी जाण्याचं आजवर जमलं नाही, काल ताप होता, पण डॉक्टर परवा बघू म्हणालेत. तोवर दादा खणच उचलून घेऊन आला. बाबांनी तिन्ही घड्याळं कानाला लावून पाहिली, किल्ली दिली, दादाने चिठ्ठ्यांवर नावं लिहून घेतली. दोन झाली. तिसऱ्याचा मालक त्यांना काही केल्या आठवत नाहीये. दादा म्हणाला, असू द्या, उद्या सकाळी पुन्हा बघू.

रात्रपाळी

दोघं चालतात का हे ठिकाणावर आहे, काही ठिकाणी एकच नाव लागतं. सोशल वर्करना विचारा. दोन नावं चालत असतील तर दोघांचं एकमत झालं नाही तर कुणाचा शब्द धरायचा, तेही आत्ताच बाबांकडून लिहून घ्या. रात्री तीन वाजता तो प्रश्न आमच्यापुढे येतो.

ताप उतरला की घरी जाण्याची वेळ सकाळची धरा, डोस घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने निघायचं, म्हणजे गाडीतल्या धक्क्यांचा त्रास कमी होतो. पोट साफ होण्याचं औषध विसरू नका. आणि दादांना आज एक रात्र घरी झोपायला पाठवा, बाबांना विचारून.